पडदे ओढून शिकवलेला नाच

तालीन, आर्मेनिया

आदरणीय बाबा,

तुमचा हात कपाळी लावून लिहिते. मी सुखरूप आहे.

आपले घराणे आर्मेनियन असल्याचा एकही कागद नाही, म्हणून इथे मला कोणी आपली मानेल का, याचीच धास्ती होती. काल सीमेपलीकडच्या आपल्याच डोंगरातून शंभर वर्षांपूर्वी कत्तलीतून वाचून इकडे आलेल्यांच्या घरी लग्न होते. मी कोपऱ्यात बसले होते. त्या घरच्या मुशेघआजोबांनी मला नाचात ओढले आणि तळवा पुढे केला. आपण आर्मेनियन आहोत हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून पडदे ओढून तुम्ही शिकवलेल्या ‘खेळा’तली टाळी मी दिली, पुढची पावलेही आपोआप पडली.

आजोबा थबकले. “अगं, तू तर आमचीच! पण टाळी देतेस की कणीक थापतेस?”

मी कुठे गेले, असे शेजारी अजून विचारतात का? तुमचा गुडघा बरा असेल, तर एकदा पडदे उघडून आईसोबत नाचा.

तुमची,
नाझली