पालथ्या तळाचं घर

दि. ९ जानेवारी, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडून. मी बरी आहे, जीभ सोडून. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण फोन तू उचलत नाहीस आणि पत्राचं उत्तर द्यायची सवय तुला कधीच नव्हती. वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण इतके महिने रुसून बसलेल्या माणसाला तीर्थरूप म्हणायला हात वळेना. नुसत्या 'प्रिय'वर भागव. आणि हे पत्र ज्याच्या हातून मिळेल त्याच्यावर ओरडू नकोस. तो बिचारा निरोप्या आहे.

बातमी आधी सांगते. घर बसलं, दादा! काल दुपारी आपलं घर आपल्या जागेवर बसलं. असं बसलं, असं बसलं, की सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती आणि मी भर रस्त्यात हेल्मेट घालून रडत होते. क्रेनवाल्याला वाटलं काहीतरी चुकलं. तो वरून ओरडायला लागला, "काय झालं? काय झालं?" मी हातानेच सांगितलं, काही नाही, आनंद झालाय.

आता तुझं वाक्य आठव. आईच्या त्या खोलीत, जेवायला बसलो असताना, मी पहिल्यांदा सांगितलं की आपल्या जागेवर घर कारखान्यातून येणार, तेव्हा तू घास खाली ठेवलास आणि म्हणालास, "जमिनीतून उगवतं ते घर. ट्रकवरून येतो तो माल." मग मी म्हणाले, "तुझं उगवेपर्यंत आई म्हातारी झाली की रे." शहरभर लोकांची घरं बांधणारा गवंडी, आणि त्याची आई तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत. तू हात धुऊन उठलास तो उठलासच. आई म्हणते मी हे बोलायला नको होतं. माझं मत वेगळं आहे. बोलायला हवं होतं, फक्त ताटावर नको होतं.

घर पाहावं बांधून म्हणतात ना, ते मी रोज पाहते. तू मात्र कारखान्यात एकदाही पाऊल टाकलं नाहीस, म्हणून तुला वाटतं आम्ही पत्र्याचे डबे ठोकतो. नीट ऐक. एक भलीमोठी शेड आहे. आत ऊन नाही, पाऊस नाही, आणि घरं एकामागे एक रांगेत उभी असतात. एका टोकाला नुसता तळ, पुढच्याला भिंती, त्याच्या पुढच्याला छप्पर, आणि पार दाराजवळ उभं असतं ते घर रंग लावून, नळ बसवून, फरशी पुसून तयार. काम झालं की सगळी रांग एक घर पुढे सरकते. तुमच्याकडे घर जागेवर असतं आणि माणसं येतात-जातात. आमच्याकडे माणूस जागेवर, घर चालतं. आपल्यासारखं घर दोन खोक्यांत होतं. एकात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बैठक, दुसऱ्यात निजायच्या खोल्या. दोन खोकी दोन ट्रकवरून जातात आणि जोत्यावर शेजारी-शेजारी बसवून मधला जोड बंद करतात. फरशीखालचा गोंदसुद्धा आमचा लवचिक असतो, रस्त्यातल्या खड्ड्यांनी तडा जाऊ नये म्हणून. तुझी फरशी एकदा तरी गेलीय का ट्रकमध्ये बसून?

मी तळावर असते, हे तुला ठाऊक आहे. आता तिथली मुख्य झाले आहे, हे ठाऊक नसेल. आम्ही तळ पालथा बांधतो. म्हणजे घराचं जे पोट जमिनीकडे जाणार ते वर, आणि ज्यावर चालायचं ते खाली. का, तर पाइप बसवणाऱ्याने खाली लोळून वर हात करत काम करू नये, उभ्याने करावं. सगळं बसलं की क्रेनने तळ उचलायचा आणि उशी पालथी करावी तसा सुलटा करायचा. अर्थात सुलटा झाला की डाव्याचं उजवं होतं. डोक्याला ताप नको म्हणून एक साचा असतो, भोकं पाडलेली फळी. ती ठेवायची, भोकांतून खुणा करायच्या, विचार करायचाच नाही.

आपल्या घराचा तळ आला तेव्हा मी साचा बाजूला सारला. म्हटलं, आईच्या स्वयंपाकघराचा नळ मी फळीने ठरवणार? स्वतः नकाशा घेतला, स्वतः खडू घेतला आणि एकेक खूण इतक्या प्रेमाने केली की शेजारचा सुतार म्हणाला, "देवघर काढताय का?" पाइप बसले. क्रेनने तळ उचलला, सुलटा केला. आणि मी नकाशा पुन्हा उघडला.

सगळं घर आरशातलं झालं होतं. स्वयंपाकघर जिथे हवं तिथे न्हाणीघराचे पाइप, आणि न्हाणीघराच्या जागी ओट्याचे. हाताखालच्या पोरींना मी रोज बजावते, पालथं आहे गं, पालथं आहे, साचा ठेव. आणि मीच!

आमच्या वरिष्ठांना सगळे ओळंबा म्हणतात, कारण माणूस सरळ उभा राहतो, सरळ चालतो आणि सरळच बोलतो. त्यांनी तळाला एक फेरी मारली. म्हणाले, "हा मोडायचा तर तुझं घर रांगेतून बाहेर. मागच्यांची घरं मी थांबवणार नाही. परत नंबर कधी लागेल ते मला विचारू नकोस."

"दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे तळ ठेवायचा आणि उरलेलं घर त्याच्याप्रमाणे फिरवायचं. दुसरं खोकं अजून सुरू नाही, तेही फिरवता येईल. इथे काही अडचण नाही. अडचण तिकडे आहे. जोत्यात बोल्ट आणि पाइप बसून गेलेत, जुन्या बाजूला. गवंड्याला केलेलं काम फोडून पुन्हा करावं लागेल. कोण करेल?"

दादा, त्या वेळी माझ्या डोळ्यासमोर फक्त तो जिना होता. आई एकेक पायरी बसत-बसत उतरते, कठडा धरून, आणि खाली पोचल्यावर वर बघून म्हणते, "आता चढायचं कसं?" मग महिनोन् महिने ती खाली उतरलीच नाही. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर घ्यायची. मी तिला सांगून बसले होते की पुढचा हिवाळा आपल्या अंगणात. आणि ते माझ्याच हाताने घालवलं असतं, एका खडूपायी.

जोत्याचं काम घेतलेल्या कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला विचारून सांगतो. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, हसत होता. "गवंडी म्हणतोय, करतो. फोडतो आणि परत करतो. पण एक विचारतोय."

"काय?"

"म्हणतोय, तुमच्या कारखान्यात उलट्या चपला घालणारी कुणी आहे का?"

शाळेत जाताना रोज उलट्या चपला घालणारी या जगात एकच पोरगी होती. आणि रोज सकाळी रस्त्यात मध्येच खाली बसून, "अगं ए बावळट, डावा कुठला, उजवा कुठला?" असं म्हणत त्या बदलून देणारा एकच भाऊ होता.

ओळखलं हे मी दाखवलं नाही. कंत्राटदाराला "धन्यवाद सांगा" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मी गप्प आहे. मी! आई म्हणते याची कुठेतरी कोनशिला बसवायला हवी. प्लॉटकडे मी मुद्दाम फिरकले नाही. मला बघून तू थापी टाकून निघून गेला असतास, आणि जोतं राहिलं असतं अर्धं. तुझा राग मला माहीत आहे, तो माझ्याच घरचा आहे.

आणि आई! जी बाई भाजी घ्यायला खाली उतरत नव्हती, ती रोज दुपारी शेजारणीचा हात धरून तीन मजले उतरायला लागली. म्हणे, "जरा हवा खाऊन येते." हवा खायला थर्मास लागतो? थर्मास एक आणि कप दोन? संध्याकाळी मी कप विसळताना बघायची. एकाच्या कडेला सिमेंटचा राखाडी ठसा असायचा. आईला खोटं बोलता येत नाही आणि लपवता तर अजिबात येत नाही. मी ठसा पुसून कप जागेवर ठेवायची, बस्.

आता कालचं ऐक. ऐकायचं कशाला म्हणा, तू रस्त्यापलीकडे दुसऱ्या ट्रकच्या मागे उभा होतास. आई सारखी तिकडे हात करत होती. पण तुला लांबून जे दिसलं नसेल ते सांगते.

स्वयंपाकघराचं खोकं क्रेनने उचललं आणि ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. मी मान वर केली तर समोर माझा तळ. पोटाकडून. अगदी तसाच, जसा मी खडूने आखला होता, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. जगात आणखी कुणी तो तसा बघणार नाही, म्हणून मी पोटभर बघून घेतला. मग खोकं खाली यायला लागलं. दरवेळी या क्षणी आमची माणसं पहारी घेऊन तयार असतात. जोतं कुठेतरी उंच असतं, कुठेतरी बसकं, बोल्ट एखाद-दुसरा वाकडा असतोच. मग ढकला, ठोका, फटीत चकत्या सारा, शिव्या द्या. काल चकत्यांची पिशवी उघडावीच लागली नाही. बोल्ट सगळे भोकात गेले, पाइपावर पाइप आला, आणि खोकं टेकलं तेव्हा इतका हलका आवाज झाला, जशी कुणी पेटी मिटली. दुसरं खोकंही तसंच. ओळंबा पाणपातळी घेऊन चारी कोपरे फिरले. परत फिरले. मग म्हणाले, "हे जोतं कुणी केलं? मला हा माणूस पाहिजे."

मी म्हणाले, "मलाही."

मग सगळे वर चढले आणि मी खाली उकिडवी बसले. कोपऱ्यावर हात फिरवला. दादा, ओल्या सिमेंटची कड सगळे गवंडी थापीने मोडतात. अंगठ्याने फिरवणारा मला एकच माहीत आहे. त्या खोबणीत मी माझा अंगठा ठेवला. सैल बसला.

आईने घरात पहिलं पाऊल टाकलं ते सरळ स्वयंपाकघरात. घर फिरल्यामुळे ओट्याची खिडकी आता रस्त्याच्या बाजूला आली आहे. नकाशात ती मागच्या भिंतीकडे होती. आई खिडकीशी उभी राहिली, कोण येतंय, कोण जातंय सगळं दिसतंय म्हणाली. आणि वर म्हणते, "मला हीच बाजू हवी होती. मला विचारलं कुणी?" मी ओट्याला टेकून हसत सुटले.

तर तुझं वाक्य अर्धं खरं निघालं. जमिनीतून उगवलं, ते तू रुजवलंस. ट्रकवरून आलं, ते मी आणलं. दोन्हीपैकी एक नसतं तर आई आज तिसऱ्या मजल्यावर असती. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, पण तू तोंड दाखवत नाहीस, म्हणून लिहून टाकलं. मला तुझा फार अभिमान वाटतो रे. आणि माझाही.

आता शेवटचं. आमच्याकडे एक रीत आहे. भिंत बंद करण्याआधी आतल्या लाकडावर, ज्यांनी-ज्यांनी त्या घराला हात लावला ते सगळे पेन्सिलने सही करतात. मग वरून पत्रा-फळी लागते आणि त्या सह्या पुन्हा कुणाला दिसत नाहीत, पण घरात असतात. आपल्या घराच्या आत सुताराची आहे, पाइपवाल्याची आहे, ओळंब्यांची सरळ रेघेसारखी आहे, माझी आहे. एक नाही.

दोन खोक्यांच्या जोडावरची पट्टी मी बंद करू दिलेली नाही. बाकी सगळं घर झालं आहे, फक्त दाराच्या उंचीएवढी ती एक पट्टी उघडी आहे. ओळंबा ओरडताहेत, आई तिथून येता-जाता पदर अडकतो म्हणून कुरकुरते, आणि मी ऐकत नाही. पेन्सिल तिथेच खाचेत ठेवली आहे, टोक करून. येताना थर्मासचं झाकण आण, ते तुझ्याकडेच राहिलंय, आई कधीपासून शोधते आहे आणि मी शोधायचं नाटक करते आहे.

समोरून ये, ट्रकच्या मागून नको. आई खिडकीतच बसली आहे.

तुझी,
उलट्या चपलांची