ईस्टरची रजा

लातूर,
१५ एप्रिल १९९८

प्रिय पप्पांस,

तुमच्या सुवार्तेचा ईस्टरचा सलाम. मी बरी आहे. मेसचं जेवणही आता अंगवळणी पडलं आहे.

रविवारी, ऐन ईस्टरच्या दिवशी, क्लासची मोठी परीक्षा होती. "रजेच्या अर्जात ताप आला म्हणून लिही, उगाच डोळ्यांवर येऊ नको," असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. मी 'ईस्टरची उपासना' असं लिहिलं. रागावू नका.

सरांनी अर्ज वर्गात मोठ्यानं वाचला. पोरं हसली. "डॉक्टर व्हायचंय का भजनं म्हणायचीत?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "दोन्ही, सर."

भूकंपात चर्चच्या भिंती फाटल्यापासून इथली मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये भरते. रविवारी तिथं पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी "खरोखर उठला आहे!" असं इतक्या जोरात उत्तर दिलं, की पत्रे थरथरले. सगळ्यांत मोठा आवाज एस्तेरआजींचा होता. त्यांची दोन्ही लेकरं भूकंपात गेली, पप्पा.

सोमवारी सरांनी मला पहिल्या तुकडीतून तिसरीत टाकलं. तिथं फिजिक्सच्या नोट्स उशिरा मिळतात, पण मी कुणाच्या तरी उतरवून घेईन. आईला हे सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे? देगलूरच्या उपासनेला ती चालत गेली का?

काल माझ्या नव्या बाकावरची करुणा हळूच म्हणाली, "मी बी ख्रिस्ती मंडळीतलीच हाय गं. इथं कुणालाच सांगितलं न्हाई."

मी विचारलं, "मग रविवारी येतीस?"

"हाव," ती म्हणाली, वर्गातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

तुमचीच हट्टी लेक,
सुवार्ता