मॅनेजर गृहीत धरलाय

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून ऑफिसात ‘अजाईल’. संचालक रादेन्को बेलग्रेडहून ऐकून आला. अजाईल हे आडनाव. स्क्रम, कानबान ही त्यातली भावंडं. आमच्या वाट्याला स्क्रम. तीन-तीन आठवड्यांचे तुकडे पाडून काम करायचं, तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं. पुस्तिका वाचली. भूमिका तीनच. काय करायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर (रादेन्को स्वतः), ते करणारे डेव्हलपर, आणि सगळं सुरळीत चाललंय ना ते पाहणारा स्क्रम मास्तर. मॅनेजर कुठेच नाही. मलपृष्ठही पाहिलं. अर्थ उघड आहे: मॅनेजर गृहीत धरलाय. देवाचं नाव हजेरीपटात असतं का?

मंगळवार, ४ नोव्हेंबर
मास्तर म्हणून तियाना नावाची पोरगी आणलीय. मास्तर, पण ओरडायचा अधिकार नाही! तिचं काम म्हणे टीमचे अडथळे दूर करणं. हे सांगताना माझ्याकडे पाहिलं. लक्षात ठेवलंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर
रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. आजोबांना असले प्रश्न विचारायला गुप्त पोलिसांची दोन माणसं दारात येत. तीही फार नम्र होती. मी खुर्चीतून ऐकलं. स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
कामाचा अंदाज पत्त्यांवर! ऑफिसच्या वेळेत! प्रत्येकाने आकडा लपवायचा, सगळ्यांनी एकदम उलटायचा. चौघांचे आठ. ठरवून आलेत. मी शंभर दाखवला. वुकाशिन म्हणाला, ‘‘साहेब, नुसतं एक बटण हलवायचंय.’’ सगळे हसले. याला नोकरीला मी लावला.

सोमवार, १० नोव्हेंबर
संकल्प: आठवडाभर आजारी पडणे. मी नसलो की कळेल. रडत फोन करतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर
फोन नाही. लाजत असतील.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
बायकोच्या, रुझित्साच्या फोनवरून माझा नंबर लावून पाहिला. वाजतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
कामावर गेलो. सगळं ठरल्यापेक्षा पुढे. मला खिजवायला मुद्दाम खपले असणार. तियानाने विचारलं, आता बरं आहे ना. हिला माझ्या तब्येतीशी काय करायचंय?

बुधवार, १९ नोव्हेंबर
शुक्रवारी आमची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. याचं बोलावणं करायचं नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि आपलं कोण ते कळतं. आले तर माझे. नाही आले तर कट सिद्ध. रुझित्साला हे सांगितलं. ती मासे किती आणू म्हणाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
आले! सगळे! उपासाचा दिवस (मांस वर्ज्य, मासे चालतात) म्हणून माशांचं सूप. वुकाशिनने दोनदा घेतलं. तियानासुद्धा आली. घर हेरायला, दुसरं काय.
मग राकियाच्या, आमच्या फळांच्या दारूच्या, तिसऱ्या ग्लासानंतर रादेन्को भर टेबलावर बोलला. सोमवारपासून मॅनेजरचं पद बंद. ‘‘दोब्रिवोये, टीममध्ये ये. टेस्टिंग बघ.’’ एरवी दार दाखवलं असतं. पण स्लावाला यजमान बसत नाही आणि पाहुण्याला उलट बोलत नाही. उभ्याउभ्या त्याचा ग्लास भरला. थोडी सांडली.
फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षं! पण बिनबोलावता आले. खुर्ची जाणार हे आधीच माहीत असणार, तरी आले. हे कोण काढून घेणार?

शनिवार, २२ नोव्हेंबर
भांडी पुसताना रुझित्साला तेच ऐकवलं. ती म्हणाली, सगळ्यांना मीच फोन केले होते. ‘‘कुणी आलं नसतं तर तुझं तोंड मला बघवलं नसतं.’’
बिनबोलावता कुणीच नाही?
म्हणाली, ‘‘आली ना, ती मास्तरीण. तिचा नंबरच नव्हता माझ्याकडे.’’
मघापासून बसलोय. यात संशयाला जागा शोधतोय. सापडत नाही.