काकूंचा डबा

शनिवार, संध्याकाळ

शेजारच्या काकूंशी आज खोटं बोलले. सोमवारी त्यांनी स्टीलच्या डब्यातून अळूवड्या दिल्या होत्या. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून वाशीच्या दुकानातून बेसनाचे लाडू आणले आणि त्यात भरून सकाळी नेऊन दिले. काकूंनी तिथंच एक खाल्ला.

"घरी केलेस?"

मी हो म्हटलं. का म्हटलं? विकतचे आहेत म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"आईनं शिकवलं असणार," त्या म्हणाल्या. मी त्यालाही मान हलवली. खरं तर आईचे लाडू कायम बसायचे. आम्ही ते चमच्याने खायचो आणि तिला चिडवायचो. ती जाऊन तीन वर्षं झाली, आणि आज मी तिच्या नावावर दुकानातले लाडू खपवले.

आता तोच डबा पुन्हा माझ्या ओट्यावर आहे. मघाशी काकू त्यात बेसन भरून घेऊन आल्या. "उद्या नातू येतोय गं, तुझ्या हातचे चार लाडू वळून दे त्याला."

बेसन भाजायला घेतेय. लाडू बसले, तर काकूंना सांगेन की आईचे खरे लाडू हे.