खिडकीतला मुटका

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, आई कशी आहे, आणि मी नेहमीसारखी 'बरी आहे' म्हणून मोकळी झाले. ती शेजारीच बसली होती, दुसरं काय बोलणार? आई बरी नाही. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टर म्हणतात वयाच्या मानानं सगळं ठणठणीत आहे. पण ती अर्ध्या ताटावरून उठते आणि जुने कपडे तिच्या अंगात आता ढगळ व्हायला लागलेत. का उठते ते मला माहीत आहे, पण फोनवर सांगायची सोय नाही. सांगायला गेले की मागच्या खिडकीचा विषय निघणार, आणि तो निघाला की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येणार. पत्र मात्र असं मधेच ठेवून देता येत नाही. देता येतं म्हणा, पण ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी इकडची खबरबात. रोपवाटिका चाललीय. हल्ली लोक रोपांपेक्षा मातीच जास्त नेतात. गच्चीत, खिडकीत, जिन्यात, जिथं कुंडी मावेल तिथं सगळ्यांना भाजी पिकवायची आहे. बँकेतल्या बाईंनी आणखी एक लिंबाचं झाड मारलं आणि खापर आपल्या मातीवर फोडलं. आईनं त्यांना विचारलं, माती राहू द्या, तुम्ही रोज पाणी पाजता ते झाडाला की म्हशीला? बाई हसत हसत नवीन पोतं घेऊन गेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की आईचं डोकं फिरलंय. तसं नाही. ती सगळ्यांना ओळखते, उधारी विसरत नाही, आणि मी कांदा जाड चिरला तर अजून बोलते.

माती आपण बाबांच्याच प्रमाणात कालवतो. दोन घमेली कुजलेला पाला, एक शेणखत, एक काथ्याचा भुसा, अर्धं वाळू, वर ओंजळभर राख आणि अंड्यांच्या टरफलांची पूड. ताडपत्रीवर ढीग करायचा, फावड्यानं तीनदा उलटा करायचा, आणि पाणी शिंपडत शिंपडत शेवटी मुठीत घेऊन आवळायचं. बोटांतून पाणी निथळलं तर जास्त झालं. मूठ उघडताच माती सांडली तर कमी. मुटका नीट टिकला आणि टोचल्यावर सुटला, तर जमली. हे जगातले सगळे माळी करत असतील. पण मुटका न मोडता खिडकीत ठेवणारे आपले बाबा एकटेच. तो वाळायचा, कुठं भेगा पडतात ते बघायचे, आणि पुढची माती कालवताना आधी तोच चुरून घालायचे, दुधाला विरजण लावावं तसा. नव्या मातीची जुनीशी ओळख करून द्यावी लागते म्हणायचे, नाहीतर ती घरात पाहुण्यासारखी बसते. म्हणजे खिडकीत कायम एक मुटका असायचाच, आणि त्याच्यावर बाबांच्या बोटांच्या चार खोबणी. तीन पूर्ण आणि अंगठ्याशेजारची एक आखूड.

थांब, इतक्यात पत्र ठेवू नकोस.

तो मुटका बाबा मुद्दाम तुला दाखवायलाच ठेवतात, असं तुला वाटायचं. घर सोडून गेलास त्या सकाळी तू मला ते म्हणालास. पाला बारीक करायच्या यंत्रात ओली फांदी अडकली होती, बाबांचा हात आत होता, आणि तू पलीकडच्या बाजूनं बटण दाबलंस. तुला दिसत नव्हतं. मी पाल्याच्या ढिगावर बसले होते, मला सगळं दिसत होतं, पण माझ्याही तोंडातून आवाज फुटायच्या आत ते होऊन गेलं होतं. बाबांनी दवाखान्यात सांगितलं, यंत्र मीच चालू केलं. आईलाही तेच सांगितलं. पुढं जन्मभर कुणी विचारलं की म्हणायचे, एक पेर गेलं तर काय झालं, एक नख कापायचं वाचलं. सगळे हसायचे, आणि तू जेवणाचं ताट घेऊन पुढच्या खोलीत जायचास. दादा, मुटका तर ते त्याच्याही आधीपासून ठेवत होते. तू फक्त तेव्हापासून बघायला लागलास. खरं तर बघायचं सोडलंस.

बाबा गेले तेव्हा तू आलास, सगळं रीतसर केलंस, पण मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाहीस, हे मी पाहिलं होतं. त्यांचा शेवटचा मुटका तेव्हा खिडकीतच होता. मी पुढची माती कालवायला घेतली आणि तो चुरायला उचलला, तर आईनं माझं मनगट धरलं. मी तो परत ठेवला. त्या खेपेची माती पहिल्यांदाच विरजणाशिवाय गेली.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात शेगडीवर दूध ठेवलं आणि वर पाहिलं, तर खिडकीत दोन मुटके. एक वाळून पांढरट पडलेला आणि शेजारी एक ओला, काळा, ताजा. त्याच्यावर चार खोबणी. तीन पूर्ण, एक आखूड. दादा, मी काही घाबरट बाई नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी गांडुळं गळ्यात घालून फिरणारी मी. पण त्या सकाळी दूध उतू जाऊन सगळी शेगडी भरली तरी मी बघतच राहिले. आई आत आली, शेगडी बंद केली, खिडकीकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, आज पाणी जरा जास्तच घातलंय यांनी.

त्यानंतर रोज सकाळी एक. मागच्या दाराची कडी आतून लावलेली, ताडपत्रीवरची माती मात्र एका कोपऱ्यात उकरलेली. अंगणात मी एकटी असले की चाळण हलवल्याचा आवाज ऐकू यायचा. वळून पाहिलं की चाळण खिळ्याला टांगलेली. मोकळ्या कुंड्यांतून, जिथं मी काहीच पेरलं नव्हतं, तिथं टोमॅटो उगवायला लागले. ते कुजलेल्या पाल्यातून आलेलं जुनं बी असणार, एवढं मलाही कळतं. कळतं आणि तरी अंगावर काटा येतो, त्याला काय करायचं?

शेवटी एकदा मी पहाटे लवकर उठले आणि कोठीच्या दाराआड उभी राहिले. आई आली. चपला न घालता, आवाज न करता. कडी काढली, ताडपत्रीपाशी बसली, पाणी शिंपडलं, मूठभर माती घेतली. मग तिनं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, अंगठ्याशेजारचं बोट एकदा सरळ केलं आणि पेरापासून आत दुमडलं, नीट, जसं असायला हवं तसं. आणि मूठ आवळली. बराच वेळ आवळून बसली होती. मला वाटलं, आता पुढं होऊन तिला कुशीत घ्यावं. पण माझ्यानं झालं नाही. मी पांघरुणात जाऊन पडले, आणि तासाभरानं उठून तिनं दाखवला तो मुटका पाहिला, आणि म्हणाले, हो ग, आज बरी जमलीय. त्या दिवसापासून मीही त्यात सामील झाले.

रोज सकाळी ती थोडा वेळ खिडकीशी बसायची, मुटका हातात घ्यायची आणि त्या चार खोबणींत आपली चार बोटं ठेवायची. एवढंच. त्यानंतर सगळी कामं करायची, पोटभर जेवायची. मी म्हटलं, असू दे. कुणाचं काय बिघडतंय?

मग ती अंगणात घसरून पडली. मनगट मोडलं, ते मी तुला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीत नवा मुटका नव्हता. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आई सकाळपासून तिथं बसून होती. चहा गार झाला, जेवण तसंच राहिलं. संध्याकाळी म्हणाली, आज आले नाहीत. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. तिला ठाऊक होतं ना, की ते तिच्याच हातचं होतं? की नव्हतं? मी अजून विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, बोट दुमडलं आणि मूठ आवळली. तिनं तो मुटका डाव्या हातात घेतला, हसली आणि भूक लागली म्हणाली.

प्लास्टर निघालं, पण मनगटात आवळायचं बळ राहिलं नाही, म्हणून अजून मीच करते. आणि दादा, तुला सांगायला लाज वाटते, पण मला आता भीती वाटते ती माझीच. परवा बँकेतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या बोटाला काय झालं? मी पाहिलं तर कप उचलताना बोट दुमडलेलंच होतं. तेव्हापासून बघते, केस विंचरताना दुमडलेलं, झोपेतून जागी होते तेव्हा दुमडलेलं, आणि पुढचं पेर बधिर. सरळ करते, थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाबा आपल्या घरात नाहीत हे मला नक्की माहीत आहे. पण कुठं आहेत असं कुणी विचारलं, तर मी माझ्या हाताकडे बघेन.

तेही मी सोसलं असतं. पण माझा हात तुला माहीत आहे, लहान मुलांचे हातमोजे येतील एवढा. आईचा तरी रुंद होता. थोड्या दिवसांपूर्वी तिनं मुटका हातात घेतला, खोबणींत बोटं ठेवली, तर ती मावेनात. फार वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, बारीक होत चाललेत ग. खातपीत नसतील. त्या दिवसापासून ती अर्ध्या ताटावरून उठते. मी मोठा मुटका करून पाहिला, दोन्ही हातांनी करून पाहिला, पण तो मुठीचा होत नाही, नुसतं ढेकूळ होतं, लहानपणी तू मला म्हणायचास तसलं. तिला लगेच कळतं. रोज ती म्हणते, आज आणखी बारीक झाले, आणि रोज आणखी दोन घास सोडते.

आपल्या घरात बाबांच्या मापाचा हात आता एकच आहे. फावड्याएवढा पंजा आणि काम घड्याळांच्या काट्यांचं, म्हणून ते तुला चिडवायचे ना, तो. मी काय मागतेय ते मला कळतं, दादा. नुसतं मातीत हात घाल म्हणत नाही, तुझं तेच बोट दुमडायला सांगतेय. माती मी कालवून ठेवीन. तू डोळे मिटून मूठ आवळ, उघडलीस की खाली बघू नकोस, मी हातातून काढून घेईन आणि खिडकीत ठेवीन. आज सकाळी मी मुटका केला नाही. आईला सांगितलं, बाबा बाहेरगावी गेलेत, रविवारी येतील. कुणाकडे, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, दादाकडे. ती म्हणाली, बरं झालं, एकदाचे गेले त्याच्याकडे. आणि ताटातलं सगळं संपवलं. तेव्हा रविवारी येताना त्यांना घेऊन ये.

तुझीच,
ढेकूळ