कृष्णातचा जांभळा

आष्टा, ३ एप्रिल १९४४
साताऱ्याहून बदली होऊन इथलं पोस्ट-तार ऑफिस आज ताब्यात घेतलं. गाव झकास, माणसं बोलकी. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मात्र मांजरपाटावर काढलेलं एक अजब चित्र आहे. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगांचे ठिपके. उलटं टांगलंय का, म्हणून मी हसलो. ते काढणारा हंबीरराव, लढाईत पाय गमावून आलेला, शेजारीच उभा होता. रागावला नाही. म्हणाला, "आवं मास्तर, ही माणसं हायती. ज्या घरचा गडी लढाईवर, त्या घरातनं येक रंग." बनुबाईंची हळद, आकारामच्या आईचा गेरू, चंद्राबाईंची नीळ. माझा धाकटा भाऊ कृष्णात इटलीत लढतोय. त्याच्या नावानं मीही शिक्क्याची जांभळी शाई दिली. मग चित्र एकदम आवडायला लागलं.

९ एप्रिल
जेवून आलो तर हळदीचा ठिपका गायब, कापड कोरं. उन्हानं उडाला असेल म्हटलं. दुपारी तार आली. बनुबाईंचा मुलगा गेला. तार मीच पोचवली.

१४ एप्रिल
गेरू गेला. तासाभरात आकाराम गेल्याची तार. हंबीररावाला जाब विचारला. तो म्हणाला, "नजर हाय तवर रंग टिकतोय. येकट्याच्यानं हुईना, म्हणून हितं लावलं. तुमीबी बघा." उतरवून ठेवावं म्हटलं, पण मग बघणार कोण?

२० एप्रिल
सगळे ठिपके एका नजरेत मावत नाहीत. मी फक्त जांभळा बघतो. झोपतो तेव्हा हंबीरराव बघत बसतो. आज तीन तारा. चंद्राबाई येऊन विनवून गेल्या, माझ्या पोराची नीळबी बघत जावा म्हणून. हो म्हटलं. खोटं बोललो. मला फार भीती वाटते.

२३ एप्रिल
हंबीरराव तापानं पडलाय. कालपासून मी एकटाच. डोळे जळतात. वही न बघता लिहितोय — ओळी वाकड्या जात असतील. जांभळा आहे — आहे —

तारयंत्र वाजतंय. कानानंच घेतो. नाव — चंद्राबाई. नीळ. आपला नाही.

हायसं वाटलं. देवा, हायसं वाटलं मला — लाजेनं मान खाली गेली नि —

वर बघवत नाही. यंत्र पुन्हा —