जास्तीची पिन

१४ सप्टेंबर, शनिवार

आलो एकदाचे मिल्टन कीन्सला! ब्रॅकनेलच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं काढली, तिथं शेजाऱ्याची शिंकसुद्धा ऐकू यायची. आता भाड्याचं का होईना, अख्खं घर आहे. मागे हातभर गार्डन, आणि दारातून निघाली की थेट तनूच्या शाळेपर्यंत जाणारी तांबडी सायकलवाट. सुयश नव्या ऑफिसच्या खुशीत आहे, मी वरच्या बॉक्सरूमच्या. पाऊण माणसाची खोली, पण भिंत विटांची. रायफलचं पोलादी कपाट ठोकायला अशीच भिंत लागते. बॉक्सरूमच्या दारात उभं राहिलं की पॅसेज, पॅसेजच्या टोकाला तनूची खोली.

तनूनं आल्या आल्या आपली उंची मोजून घेतली. तिच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली, आणि घरमालक ओरडेल म्हणून मी सुयशची बोलणी खाल्ली. सात वर्षांची पोर, पण रेघ गेल्या वर्षीपेक्षा चार बोटं वर.

कोल्हापुरातले आमचे नेमबाजीचे सर म्हणायचे, नेम धरण्याआधी चार ओळी लिहा, श्वास जागेवर येतो. रेंज सुटली, पण ती सवय काही सुटली नाही. म्हणून ही वही.

२१ सप्टेंबर, शनिवार

रायफल घरी आली. पोलिसांचा माणूस आधीच येऊन कपाट हलवून बघून गेला होता, चहाला नको म्हणाला. किल्ली कुठं ठेवते ते माझ्याशिवाय कुणालाही कळता कामा नये, नवऱ्यालासुद्धा, असा इथला कायदा. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच सुयशपासून काहीतरी लपवलंय, तेही पोलिसांच्या सांगण्यावरून.

रायफल वॉटफर्डच्या मुरलीधर काकांची. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. अठ्ठ्याहत्तरीचे आहेत, पन्नास वर्षं इथं राहून अजून सदाशिव पेठेतलं बोलतात. अक्रोडाचा दस्ता, नळी आरशासारखी, आणि दिली जवळजवळ फुकट. खोट एकच, बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यात, फायरिंग पिन नाही. काडतुसावर आदळणारी ती एवढीशी पोलादी काडी, पण ती नसली तर रायफल म्हणजे नुसती काठी. काका म्हणाले की मोडली होती, दुसरी आणायचा आळस केला. तूही आणू नकोस अक्षया, शोभेला ठेव. शोभेला ठेवायला ती काय फुलदाणी आहे!

नेमबाज माणसाच्या घरात एकही सुटा पार्ट नाही, हे काही मला पटलं नाही. आमच्या वेळी कोल्हापुरात पार्ट मिळायचेच नाहीत. कुणाचा तरी मावसभाऊ जर्मनीहून यायचा, त्याच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून पिन यायची. एका टिचभर स्प्रिंगपायी माझी नॅशनल्स गेली होती. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मी एक जास्तीची ठेवते. आज लगेच तीन पिना, स्प्रिंगा आणि स्क्रू मागवले. सुयश म्हणाला, माझा पण एक स्पेअर ठेवलायस का?

२८ सप्टेंबर, शनिवार

पिन बसवली. क्लबवर पहिल्याच दिवशी असा ग्रुप पडला, सगळ्या गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत, की शेजारच्या लेनवरचे म्हातारे उठून बघायला आले. दहा नोव्हेंबरला काउंटी टीमची निवड आहे. नाव दिलंय.

घरी कोरडा सराव सुरू केला, म्हणजे रिकाम्या रायफलीचा नुसता ट्रिगर ओढायचा. पिनेला इजा नको म्हणून आत प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घालायचं. नेम धरायला कोल्हापूरची युक्ती, भिंतीवर काळी टिकली. बॉक्सरूमच्या दारात उभी राहते, आणि पॅसेजच्या टोकाला, तनूच्या दाराशेजारी, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर टिकली. भिंतीला दृष्ट लागू नये म्हणून का, असं सुयशनं विचारलं. तनूला पण टिकली हवी होती, पण काळी नको, लाल आणि चमकीची.

५ ऑक्टोबर, शनिवार

पिनेचं टोक उडालं. एका आठवड्यात! ही अशी झीज वर्षानुवर्षं कोरडं ओढल्यावर येते, तेही आत खोटं काडतूस न घालता. माल खराब असणार. जास्तीची होती म्हणून अडलं नाही, दुसरी बसवली. सर असते तर पाठ थोपटली असती.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला रायफलची पूजा केली. बोल्ट, पिना, स्प्रिंगा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. परदेशात आपट्याची पानं कुठून आणायची, तनूनं शाळेच्या आवारातली मेपलची आणली आणि सोनं म्हणून वाटली.

आज दुपारी सुयश आणि तनू बाहेर गेले होते. मी पुरणाला चटका देत होते. वरून आवाज आला. टक्. थांबून पुन्हा, टक्. ट्रिगर सुटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. वर गेले. कपाट बंद, किल्ली माझ्याकडे. पण भिंतीवरची टिकली हातभर खाली आली होती.

तनूला विचारलं. ती म्हणाली, मी नाही लावला तो टिकली, इट वॉज ऑलरेडी देअर. पोर खोटं बोलत नाही. गोंद सुटून घसरली असेल, असं स्वतःला सांगितलं. टिकली घसरते तेव्हा इतकी सरळ घसरते का?

१९ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर तोच आवाज. मी घरून काम करते तेव्हा सकाळीही, आणि शाळा सुटायच्या वेळेला तर नक्की. सुयश म्हणतो, रिलॅक्स, बॉयलर आहे, एजंटला ईमेल टाकतो. त्यानं टाकलाही. बॉयलरवाला येऊन सगळं उत्तम आहे म्हणून गेला.

कपाटाच्या दारावर कागदी पट्टी चिकटवून ठेवली होती. पट्टी तशीच. आवाज आतूनच येतो.

टिकली आता भिंतीवर नाही. तनूच्या चौकटीवर आहे, पेन्सिलीच्या रेघेच्या चार बोटं खाली. तिथं काय येतं ते कळायला मला मोजपट्टी लागली नाही. तनूला समोर उभं करून बघण्याची हिंमत झाली नाही, एवढंच.

उचकटून टाकली. घरातली काळ्या टिकल्यांची पाकिटंही फेकली. मन कुठंच ठरत नाही. भाजी चिरताना तीनदा वर जाऊन आले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

क्लबला जायचं म्हणून कपाट उघडलं. बोल्ट मागे ओढला आणि आतून जिवंत काडतूस बाहेर पडलं.

काडतुसं वेगळ्या कुलपात असतात. मी घरात रायफल कधीच भरत नाही, पंचवीस वर्षांत नाही. काडतुसाच्या काठावर पिनेचा ठसा होता, पुसट. पिनेचं टोक पुन्हा उडालं होतं म्हणून आघात कमी पडला. म्हणून ते उडालं नाही. नाहीतर

मोडकी पिन काढून फेकली. सगळी काडतुसं क्लबच्या सेक्रेटरीकडे जमा करून आले. मोजताना डब्यात आणखी एक कमी भरलं. मागच्या वेळी क्लबवर उडवलं असेल. असेल ना?

२८ ऑक्टोबर, सोमवार

घड्याळं मागे गेली, पाचलाच अंधार.

बोल्ट तपासला. शनिवारी मी रिकामा ठेवला होता. आत पिन आहे. नवी, चकचकीत. माझ्या डबीतली तिसरी. डबी रिकामी. मी बसवलेली नाही.

बंदुकांच्या दुकानदाराला फोन केला, रायफल घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, शनिवारी सकाळी आणा, त्याआधी जमणार नाही. रायफल कुणाच्या दारात ठेवून येता येत नाही, कालव्यात टाकता येत नाही. पोलिसांना काय सांगू? आपोआप ट्रिगर ओढला जातो? त्याच दिवशी माझं लायसन्स जाईल, ते जाऊ दे, पण सुयशचा पीआरचा, इथं कायमचं राहण्याचा, अर्ज आत आहे. शनिवार. पाच दिवस. ही पिन काढून ठेवली, पुरे. पिन नाही तर काठी.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काकांना फोन केला. टिकली म्हटलं आणि ते रडायलाच लागले. म्हातारं माणूस फोनवर रडताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

म्हणाले, त्यांच्या भिंतीवर कागदाचा काळा ठिपका होता. तो असाच खाली आला. त्यांनीही तेव्हा पिना जास्तीच्या ठेवल्या होत्या. एक मोडली की दुसरी, आणि प्रत्येक नव्या पिनेला ठिपका त्यांच्या मुलीच्या, नीनाच्या जवळ. शेवटी एके दिवशी तो ठिपका नीनाच्या कपाळावर होता. झोपाळ्यावर बसली होती पोर. घरातून टक् झालं, आणि पिन मोडली. त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरी नव्हती. महिनाभर मागवायची मागवायची म्हणत राहून गेली होती. अक्षया, माझ्या आळसानं पोर वाचली गं, म्हणाले.

नीना आता लेस्टरला असते, दोन मुलं आहेत. त्यानंतर काकांनी पिन बसवलीच नाही. पिन नसलेली रायफल काहीच करत नाही म्हणून मला दिली, घरातून जावी म्हणून. मी आळशी म्हणून हसले होते त्यांना.

मला राग आला, आला म्हणजे काय, ओरडलेच. ते नुसतं चुकलं, चुकलं म्हणत राहिले. मग म्हणाले, घरात एकही ठेवू नकोस. ज्याच्या हाताशी जास्तीची पिन असते, त्याच्याकडे ती रायफल थांबत नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

सोमवारी काढलेली पिन पकडीनं वाकवून मोडली. स्प्रिंगा, स्क्रू, रिकामी डबी, सगळं कालव्यात टाकलं. पुलावरून टाकताना एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, हसून म्हणाली की लव्हली ईव्हनिंग. मीही यस, लव्हली म्हटलं.

घरात आता एकही नाही. कोपरा न् कोपरा बघितला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आवाज नाही. दिवसभर नाही. चकल्या केल्या. तनूनं तेलापासून लांब उभं राहून सल्ले दिले. रडू आलं, कांदा नसताना. सुयशला सगळं सांगून टाकलं. त्याला पटलं नाही, पण म्हणाला, शनिवारी मी गाडी चालवतो, तू मागे तनूजवळ बस. किती चांगला माणूस आहे माझा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

पूजा झाली. तनूनं हिरवा परकर-पोलका घातलाय, मी तिला लाल चमकीची टिकली लावली. आरशात बघून स्वतःवरच खूश झाली.

मग सुयशनं माझ्यापुढं एक पार्सल धरलं. जरा ओशाळला होता. म्हणाला, आता उपयोग नाही, उद्या दुकानात परत करू, पण हौसेनं आणलं होतं. तू नेहमी म्हणतेस ना, एक हाताशी असावी. निवडीच्या आधी द्यायचं म्हणून मागवलेला अख्खा स्पेअर सेट. मला दिसू नये म्हणून आठवडाभर तनूच्या उशीखाली. तिनं एवढं मोठं गुपित पाळलं म्हणून तिला शाबासकी द्यायची होती.

डबा उघडला. काळ्या फोममध्ये प्रत्येक पार्टला खाच. स्प्रिंगा आहेत. स्क्रू आहेत. पिनेची खाच रिकामी.

सील फोडलेलं नव्हतं. सुयश म्हणाला, फोटोत होती, मी स्वतः बघितली.

तनूकडे बघितलं. कपाळावर टिकली काळी.

मी पुसली. पदरानं घासून पुसली, ती रडली, म्हणाली, आईनेच तर लावला. सुयशच्या हातात गाडीची किल्ली दिली, जा म्हटलं, तुझ्या ऑफिसातल्या मोहनच्या घरी जा, आत्ता. तो काही न विचारता तिला घेऊन निघाला. माझा चेहराच तसा असणार.

मी वर. कपाटाला पाठ लावून बसलेय. समोर पॅसेज, टोकाला तनूचं दार, उघडं, खोली रिकामी. खाली पणत्या जळतायत. लिहितेय म्हणजे हात थांबतो. सर म्हणायचे, चार ओळी —

गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला. गेले. बरं झालं.

पाठीमागे पोलादात काहीतरी सरकलं. बोल्ट. पुढे गेला. बंद झाला. मऊ, तेल दिलेला. मीच तर दिलं होतं —

ते डब्यातलं, मोजताना कमी भरलेलं एक काडतूस —

खाली दार वाजलं.

जिन्यात पावलं. परकराची सळसळ. तनू. फुलबाज्या राहिल्या म्हणतेय, बाबा गाडीत आहे म्हणतेय. मी ओरडले, वर येऊ नको — ती आली. पॅसेजच्या टोकाला, तिच्या दारात. मला बघून हसतेय.

कपाळावर पुन्हा —

मधे मी आहे. पाठ लावून. तनू, खाली बस. मी हलणार ना